आमच्या घरातलं डायसर

माझी पुतणी तीन वर्षांची असताना तिला खोकला लागला. गणपती नुकतेच गेले होते, गावात घरोघरी कुणी ना कुणी खोकतच होतं, त्यामुळे पहिल्यांदा कुणी मनावर घेतलं नाही. वहिनीने ओव्याची पुरचुंडी करून छाती शेकली, आईने हळद घातलेलं दूध पाजलं. खारबावच्या पलीकडे आमचं गाव. घरात आई, दादा, वहिनी, ती आणि मी. मी दादाची धाकटी बहीण, भिवंडीतल्या एका ज्युनियर कॉलेजात जीवशास्त्र शिकवते. माझं लग्न झालं नाही. विशीत माझ्या गळ्यातल्या गाठींचं ऑपरेशन झालं, त्याचा आडवा व्रण राहिला, आणि बघायला आलेल्या मंडळींची नजर तिथेच अडकायची. पुढे मंडळी यायची थांबली. मलाही त्याचं काही वाटेनासं झालं, कारण तोवर दादाला मुलगी झाली होती. लग्नानंतर बऱ्याच वर्षांनी झालेली. घराला दुसरं काही सुचतच नव्हतं.

तिचा मामा ट्रक चालवायचा. त्यामुळे हायवेवरचा प्रत्येक ट्रक तिच्या लेखी मामा होता. वडप्याला आमच्या जमिनीवर गोडाऊन उभं आहे, दादा तिथेच देखरेखीला असतो. रविवारी तो तिला स्कूटरवर पुढे उभी करून न्यायचा आणि ती वाटभर हात हलवत "मामा, मामा" करत जायची. ड्रायव्हर लोकही हॉर्न वाजवायचे. जेवताना सुका जवळा, ती बारीक वाळवलेली कोळंबी, असल्याशिवाय भाताला तोंड लावायची नाही. वहिनी माहेरून घाटावरची, तिला तो वास सुरुवातीला सहन व्हायचा नाही. मुलीसाठी ती जवळा भाजायला शिकली.

खोकला गेला नाही. ताप येत-जात राहिला. भिवंडीतल्या डॉक्टरांनी न्युमोनिया म्हणून औषधं दिली, मग फोटो काढला तर उजवी बाजू पांढरी. छातीत पाणी झालंय म्हणाले. नळी घातली, पाणी फारसं निघालं नाही. मग टीबीची औषधं सुरू केली. त्या डॉक्टरांना मी कधी दोष दिला नाही. आमच्याकडे, पॉवरलूमच्या धुळीच्या गावात, खोकणाऱ्या पोराला टीबी असणं यात काही नवल नव्हतं, आणि तिला जे होतं ते त्यांनी आयुष्यात कधी पाहिलं नसणार. पण ती वाळत चालली. बसल्याजागी तिच्या नाकपुड्या फुलायच्या. एका रविवारी दादाने स्कूटर काढली तर ती म्हणाली, "आज नको बाबा, मामाला सांगा उद्या येते."

त्या संध्याकाळी दादा माझ्याकडे आला. "बाय, हे टीबी न्हाय," म्हणाला. "माझं मन सांगतंय. आपण मुंबईला नेऊ."

मुंबईच्या मोठ्या हॉस्पिटलात स्कॅन झाला आणि छातीत गाठ निघाली, तिच्या मुठीपेक्षा मोठी. तुकडा काढून तपासायला पाठवला. आजाराचं नाव डॉक्टरांनी आम्हाला दोनदा सांगितलं तरी दादाला धरता आलं नाही. लहान मुलांच्या फुफ्फुसात होणारा कॅन्सर, फार क्वचित होणारा, एवढं त्याला कळलं. बाहेर येऊन बाकावर बसला आणि म्हणाला, "गोडाऊनला न्यायचो ना मी तिला. शेजारच्या शेडमधे केमिकलचे ड्रम असतात." वहिनी त्याच्याकडे बघत राहिली. पुढचे काही दिवस ती त्याच्याशी कामापुरतंच बोलली.

केमो सुरू झाली. वहिनी तिच्याजवळ हॉस्पिटलात, दादा आणि मी आळीपाळीने, आई गावाला. तिचे केस गेले, तोंड आलं. भात पुढे केला की मान फिरवायची. एकदा ती जवळा मागायला लागली तेव्हा वहिनीने आईकडून भाजून मागवला. मी तो तीन पिशव्यांत बांधून नेला, वास सुटू नये म्हणून. तिने एक चिमूट तोंडात घेतला आणि थुंकला. "हा तो नाही," म्हणाली. तो तोच होता. तिच्या जिभेला आता चव राहिली नव्हती, पण ते तिला कसं समजवायचं? वहिनी म्हणाली, "हो बाळा, आजीने चुकीचा पाठवला. आजीला ओरडू आपण." दोघींनी मिळून फोनवर आईला ओरडून घेतलं. आई पलीकडून "चुकला बाय, माजा चुकला" म्हणत राहिली.

तिथल्या डॉक्टरांनी एक दिवस सांगितलं की या आजारात पुष्कळदा एका जनुकात दोष असतो, तो घराण्यात चालत येतो, म्हणून रक्त तपासू. सगळ्यांना बोलावलं, आईलाही. जनुकांविषयी बोलण्यासाठी एक तरुण मॅडम होत्या, आवाज मऊ, मराठी चांगलं. त्या घरातल्या माणसांविषयी विचारत गेल्या. कुणाला कॅन्सर? नाही. गळ्याला गाठी? मी पदर बाजूला करून व्रण दाखवला. माझ्या आत्याच्या गळ्यालाही मोठी गाठ होती, मरेपर्यंत होती, खारं पाणी पिऊन झाली असं सगळे म्हणायचे, तेही सांगितलं. मॅडमनी मान वर करून माझ्याकडे नीट पाहिलं.

"लहानपणी कुणी मूल गेलं का घरात?"

"नाही," दादा म्हणाला.

"व्हता," आई म्हणाली.

आम्ही दोघं आईकडे बघायला लागलो. ती भिंतीकडच्या खुर्चीत टोकावर बसली होती, पिशवी मांडीवर धरून.

"माजा पयला," ती म्हणाली. "ह्याच्या आदीचा. दोन वर्सांचा व्हता. मी त्याला वज्रेसरीला न्हेला, गरम पान्याच्या कुंडात न्हाऊ घातला. सांच्याला उघड्या टेम्पोतनं आलो, वारा लय व्हता. त्याला खोकला लागला. छाती भरली. म्हयन्यात गेला." मग म्हणाली, "सासू बोलली, तूच मारलास."

मी चाळिशीला आलेली बाई, दादा माझ्याहून मोठा, आणि आपल्याला एक थोरला भाऊ होता हे आम्हाला तोवर माहीत नव्हतं. गावातल्या म्हाताऱ्यांना माहीत असणार. कुणी बोललं नव्हतं. आम्ही लहानपणी वज्रेश्वरीला जायचो तेव्हा आई देवळात यायची, पण कुंडाकडे आम्हाला फिरकू द्यायची नाही. तिला पाण्याची भीती वाटते असं आम्ही समजायचो आणि तिला चिडवायचो.

मॅडम उठून तिच्यासमोर येऊन बसल्या. "आजी, गरम पाण्याने असं होत नाही. वाऱ्यानेही नाही. त्या बाळाचं आता तपासता येणार नाही, म्हणून मी खात्रीने सांगू शकत नाही. पण त्यालाही हेच झालेलं असू शकतं. ते तुमच्या हातात नव्हतं."

आईने मान हलवली. घरी येईपर्यंत पिशवी तशीच मांडीवर.

रक्ताचे निकाल यायला काही आठवडे गेले. पुतणीत दोष होता, दादात होता, माझ्यातही होता. आईत नव्हता. म्हणजे तो बाबांकडून आला होता, आणि बाबांकडे कदाचित त्यांच्या आईकडून, जिने माझ्या आईला तूच मारलास म्हटलं होतं. बाबा गेले त्याला बरीच वर्षं झाली. त्यांना सर्दीसुद्धा कधी व्हायची नाही.

त्या जनुकावरून शरीरात जे प्रथिन तयार होतं त्याचं नाव डायसर. मी बारावीला आरएनएचा तो धडा दरवर्षी शिकवते. तंबाखूच्या मुळांना कीड लागू नये म्हणून किडीच्या पेशीतला एक निरोप कसा गप्प करतात, इतपत पुस्तकात आहे. डायसरचं नाव मी एम.एस्सी.ला असताना कधीतरी पाठ केलं होतं आणि परीक्षेनंतर विसरले होते. आता मी रात्रंदिवस तेच वाचत होते. माणसाच्या प्रत्येक पेशीत आरएनएच्या दुमडलेल्या छोट्या पट्ट्या केंद्रकातून बाहेर येतात, आणि डायसर त्यांचे अगदी बारीक तुकडे करतं. एकेक तुकडा आर्गोनॉट नावाचं दुसरं प्रथिन धरून ठेवतं आणि त्याच्याशी जुळणारे निरोप शोधत फिरतं. जुळला की त्या निरोपाचं काम थांबतं. बाळ पोटात असताना फुफ्फुसाच्या पेशींना वाढा, वाढा असे निरोप असतात. पुढे ते गप्प व्हावे लागतात. माझ्या पुतणीच्या फुफ्फुसात ते गप्प झाले नव्हते.

वहिनीला हे सगळं कळून घ्यायचं होतं. ती कॉमर्सची बारावी झालेली. मुलीला दोन केमोंच्या मधे घरी आणलं होतं, ती झोपली होती. वहिनी स्वयंपाकघरात माझ्यासमोर बसली आणि म्हणाली, "ताई, मला शाळेतल्यासारखं सांगा. काही गाळू नका."

मी सांगितलं. दादा दारात उभा राहून ऐकत होता. त्याने मधेच विचारलं, "म्हणजे ते कातरीसारखं हाय?"

"साधारण तसंच."

"आणि ते माझ्याकडनं तिच्यात गेलं."

"बिघडलेली प्रत गेली. पण प्रत्येकाकडे त्या जनुकाच्या दोन प्रती असतात. एक तुझी, एक वहिनीची. वहिनीची चांगली होती."

"मग?" वहिनी म्हणाली.

"मग तिच्या फुफ्फुसात, एखाद्या पेशीत, ती चांगली प्रतही बिघडली. पोटात असतानाच कधीतरी. त्या पेशीत डायसर नीट कापेना. तिथून गाठ सुरू झाली."

"कशाने बिघडली?"

"कशानेच नाही."

"असं कसं? काहीतरी असेल ना. मी काही खाल्लं असेल. इकडे धूळ."

"नाही वहिनी. पेशी वाढताना अशा चुका होत राहतात. बहुतेक कुठे काही होत नाही. तिच्या बाबतीत नको तिथे झाली."

ती उठून मुलीला बघून आली. मग म्हणाली, "तुमच्यातही तेच आहे. ह्यांच्यातही तेच आहे. तुम्हाला गळ्याला गाठी झाल्या, काढल्या, गोळी घेता, जगलात. ह्यांना तर काहीच झालं नाही." तिचा आवाज चढला नाही. "सगळं तुमच्या घरातलं, आणि भोगायला माझी मुलगी."

वर्गात मी इतकी वर्षं योगायोग हा शब्द वापरते, फळ्यावर लिहिते. त्या दिवशी तो माझ्या तोंडातून निघाला नाही. दादा दारातून निघून अंगणात गेला. केमिकलने नव्हतं, हे कळून त्याला काही बरं वाटलं नव्हतं.

आईचं वेगळंच झालं. त्याच आठवड्यात एका दुपारी मी कॉलेजातून आले तर ती मागच्या पडवीत बसून रडत होती. मला वाटलं पुतणीसाठी. मी जवळ बसले. ती म्हणाली, "माज्या पयल्यासाटी रडते."

"आता?"

"मंग कवा? सासूनं रडू दिला न्हाय. ज्यानं मारला त्यानं रडायचा न्हाय, बोलली. मना पन पटला. चाळीसच्या वर वर्सं मना पटला." ती पदराने तोंड पुसत म्हणाली, "ती पोरगी बोलली ना, तुमच्या हातात नव्हता. मंग आता रडते."

आई तशी मोठ्याने रडायची नाही, पण तिचं रडणं थांबेना. दुसऱ्या दिवशी, तिसऱ्या दिवशी. भाजी निवडताना, झाडताना. त्याच्याविषयी बोलायला लागली: तो उजव्या अंगावर झोपायचा, त्याला कोंबड्या आवडायच्या, त्याच्या छातीत कोंबडीच्या पिलासारखा आवाज यायचा. वहिनीने दोन-तीन दिवस ऐकून घेतलं. मग एकदा ताट तसंच टाकून उठली. "माझी जिवंत आहे," ती म्हणाली. "अजून जिवंत आहे. तिच्यासमोर मेलेल्या पोराचं कसलं घेऊन बसलाय?"

आईने टाकलेलं ताट उचललं. त्यानंतर ती वहिनीसमोर कधी रडली नाही. शेतावर जायची, तिकडून डोळे सुजवून यायची. मला दोघींचंही बरोबर वाटत होतं.

केमोने गाठ आकसली तेव्हा ऑपरेशन केलं. उजव्या फुफ्फुसाचा बराच भाग काढला. नंतरचे काही महिने चांगले गेले. केस परत आले, मऊ, कुरळे, आधीपेक्षा वेगळे. ती पुन्हा जवळा मागायला लागली आणि या वेळी तो तिला तोच वाटला. दादा तिला वडप्याला घेऊन गेला, आता गाडीतून, काचा लावून. काचेआडून ती ट्रकांना हात करायची. त्याच काळात वहिनीला दिवस राहिले. ठरवून नव्हतं. कळल्यावर तिने पहिल्यांदा मला सांगितलं, दादाला नंतर.

मॅडम म्हणाल्या, पोटातल्या बाळाचीही तपासणी करता येते, हवी तर. अर्धी-अर्धी शक्यता. वहिनीने विचारलं, "असेल तर तुम्ही पोटात काही दुरुस्त करू शकता?" मॅडम म्हणाल्या, नाही. "मग नको," वहिनी म्हणाली. "झाल्यावर बघू. पोटात असेपर्यंत ते माझं आहे."

वहिनीला पाचवा महिना असताना पुतणी एका सकाळी उलटी करून उठली. डोकं दुखतं म्हणाली. दुसऱ्या दिवशी चालताना तिचा डावा पाय ओढला गेला. आम्ही त्याच दिवशी मुंबईला गेलो, आणि स्कॅन बघितल्यावर डॉक्टरांनी दादाला आणि मला आत बोलावलं. गाठ डोक्यात गेली होती. इलाज आहेत, पण त्याने ती बरी होणार नाही, असं त्यांनी सरळ सांगितलं. दादाने विचारलं, "घरी नेऊ?" डॉक्टरांनी होकार दिला आणि वेदनेची औषधं कशी द्यायची ते मला समजावलं.

ती शेवटचे दिवस पुढच्या खोलीत होती, खिडकीजवळ. वैशाखातलं ऊन होतं. तिला बोलता येईना, मग नीट दिसेना. वहिनी पोट सांभाळत तिच्या कुशीला पडून राहायची. आई तिच्या पायांना तेल लावायची. एका दुपारी मामा आला, ट्रक घेऊनच आला होता, दारात लावला. त्याने हॉर्न वाजवला. तिने डोळे उघडले नाहीत, पण उजवा हात चादरीवरून थोडासा उचलला. वहिनीने तो धरला. दोन दिवसांनी ती गेली, दुपारच्या जेवणाच्या वेळेला, वहिनीच्या दंडावर डोकं ठेवून. मी तिथेच होते. कुठला श्वास शेवटचा होता हे आम्हाला लगेच कळलं नाही. आम्ही पुढच्याची वाट बघत राहिलो.

भेटायला येणाऱ्या बायकांना काय झालं होतं हे कुणीतरी सांगावं लागे. वहिनी आतल्या खोलीतून बाहेर येत नसे. आई सांगायची. "डायसर," ती म्हणायची, "आमच्या घरान्यात हाय. माज्या पयल्याला पन तेच झालता." बायका मान हलवायच्या. काहींना तो डासाचा रोग वाटला. आई प्रत्येकीला तेच, न थकता सांगायची, वज्रेश्वरीच्या पाण्याने नव्हे, वाऱ्याने नव्हे. मला सुरुवातीला ते ऐकवेना. मग लक्षात आलं की सांगताना ती ताठ बसते.

कॉलेज सुरू झालं. पावसाळ्यात केव्हातरी तो धडा आला. मी तंबाखूची मुळं शिकवली, आकृती काढली. मागच्या बाकावरची एक मुलगी, तिचे वडील लूमवर रात्रीची शिफ्ट करतात, तिने हात वर केला. "मॅडम, ये इन्सान में भी होता है क्या?"

"होता है," मी म्हटलं.

"और बिगड़ गया तो?"

मी फळ्याकडे वळले. डायसर लिहिलं, आर्गोनॉट लिहिलं, परीक्षेला येणार नाही असं सांगून दोन्ही काय करतात ते सांगितलं. बिघडलं तर आजार होतो, कधी होतही नाही, इतकंच म्हटलं. खडू ठेवून स्टाफरूममधे आले आणि उरलेल्या तासांना गेले नाही.

दसऱ्याच्या आसपास वहिनीला मुलगा झाला. गावातल्या लोकांना आनंद झाला, पेढे मागितले. दादाने दिले. आठवड्याभरात बाळाचं रक्त तपासायला गेलं. निकाल मॅडमनी फोनवर दादाला सांगितला. दादा फोन ठेवून वहिनीकडे आला, आणि त्याने काही बोलायच्या आधीच ती म्हणाली, "आहे ना?" त्याने मान हलवली. तिने बाळाला दुसऱ्या अंगावर घेतलं आणि पाजत राहिली.

या वेळी मात्र आम्हाला माहीत होतं कुठे बघायचं. ठरावीक महिन्यांनी फोटो, मग स्कॅन. प्रत्येक वेळी वहिनी दोन दिवस आधीपासून जेवत नसे. बाळ गुटगुटीत, हसरं, खोकला नाही, ताप नाही. आणि एका स्कॅनमधे डाव्या फुफ्फुसात हवेचा एक लहानसा फुगा दिसला. डॉक्टर म्हणाले, हीच सुरुवात असते, आत्ता तो फुगाच आहे, आत्ता काढू. काढला. तपासून आलं तर पेशी अगदी सुरुवातीच्या होत्या, पसरलेलं काही नव्हतं. केमोही द्यावी लागली नाही.

डॉक्टरांनी हे सांगितलं तेव्हा त्यांचा चेहरा खुलला होता. अशी बातमी द्यायला त्यांना फार वेळा मिळत नसेल. दादा खुर्चीत पुढे वाकून दोन्ही हातांनी तोंड झाकून रडायला लागला. वहिनी रडली नाही. तिने विचारलं, "तिचंही असंच दिसलं असतं का? सहा महिन्यांची असताना फोटो काढला असता तर?"

डॉक्टरांनी हातातला स्कॅन खाली ठेवला. "दिसण्याची शक्यता होती," ते म्हणाले. "पण तेव्हा काढायचं कुणाला कारणच नव्हतं."

"माहीत आहे," वहिनी म्हणाली. "मी फक्त विचारलं."

आता तो चालतो, पळतो. तपासण्या सुरूच आहेत, कितीतरी वर्षं सुरू राहतील. त्याच्या, माझ्याही, मला गळ्याची आणि ओटीपोटाची सोनोग्राफी करावी लागते, कारण बायकांत हा दोष अंडाशयातही गाठ करू शकतो. आई थकली आहे, पण त्याला कडेवर घेते. त्याच्या थोरल्या काकाच्या गोष्टी त्याला सांगते, कोंबड्यांच्या. वहिनी आता त्यावर काही म्हणत नाही. एकदा तर तिनेच विचारलं होतं, "त्यांचं बारसं झालं होतं का?" आईने हो म्हटलं आणि नाव सांगितलं. आम्हाला ते तोवर माहीत नव्हतं.

गेल्या महिन्यात त्याला झोपवून वहिनी बाहेर ओट्यावर येऊन बसली. मी पेपर तपासत होते. ती म्हणाली, "ताई, मोठा झाला की त्याला सांगायचं ना, तुला बहीण होती म्हणून?"

"सांगायचं."

"आणि तिच्यामुळे तुझं वेळेवर..." ती थांबली. "नाही. तसं नाही सांगायचं. लोक मला तसं बोलतात, ती गेली पण त्याला वाचवून गेली. मला राग येतो. ती कुणासाठी आली नव्हती. ती तिची आली होती."

"नाही सांगायचं तसं," मी म्हटलं.

"तिला जवळा आवडायचा, ते सांगायचं."

आत तो झोपेत काहीतरी बरळला. वहिनीने मान वळवली, ऐकलं, आणि तो पुन्हा शांत झाल्यावरही ती तशीच आत बघत बसली.